इंदूरहून चार दिवसांची सायकल फेरी: तयारी कुठल्या क्रमाने करायची

दिवाळी उलटली की इंदूरच्या राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, रामबागेतून हमखास एक विचारणा येते: ओंकारेश्वर–महेश्वर–मांडू सायकलने करायचंय, बॅग कुठली घेऊ? बॅगेचा प्रश्न पाचवा आहे. त्याआधीचे चार सुटले नसतील, तर कितीही महागडी बॅग उपयोगाची नाही.

इंदूरहून निघालेले बहुतेक जण पहिल्या संध्याकाळी ओंकारेश्वरला धडधाकट पोचतात. अडतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. सीटवर टेकवत नाही, तळहात बधिर झालेले असतात, गुडघा कुरकुरतो, जेवण जात नाही. ऐंशी किलोमीटर एकदा चालवता येणं आणि ऐंशी चालवून, रात्री झोपून, पुन्हा पासष्ट चालवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तयारी दुसरीची करायची असते आणि लोक पहिलीची करतात. म्हणून खाली क्रम महत्त्वाचा आहे. टप्पे पुढेमागे करू नका.

## १. मार्ग आणि तारखा (दहा आठवडे आधी)

हा लेख खाली दिलेल्या फेरीला धरून लिहिला आहे. आकडे अंदाजे आहेत. मुक्काम गावात कुठे आहे त्यावर पाच-सात किलोमीटरचा फरक पडतोच.

पहिला दिवस: इंदूर, सिमरोल, भेरूघाट, बलवाडा, बडवाह, मोरटक्का, ओंकारेश्वर. सुमारे ८० किमी.
दुसरा दिवस: ओंकारेश्वरहून परत मोरटक्क्याचा पूल ओलांडून बडवाह, मग मंडलेश्वर, महेश्वर. सुमारे ६५ किमी.
तिसरा दिवस: महेश्वर, धामनोद, गुजरी, मांडू. ५० किमीच्या आत-बाहेर, पण चढाचे.
चौथा दिवस: मांडू, धार, घाटाबिल्लोद, बेटमा, इंदूर. सुमारे १०० किमी.

फेरी याच दिशेने करा. विंध्याचा उतार पहिल्या दिवशी ताज्या अंगाने आणि ताज्या ब्रेक पॅडवर होतो. चढ तिसऱ्या दिवशी येतो, पण त्या दिवशी अंतर सगळ्यांत कमी असतं. महेश्वर साधारण १५० मीटर उंचीवर आहे आणि मांडू ६०० मीटरच्या वर, म्हणजे किमान ४५० मीटरची चढाई. उलट्या दिशेने आलात तर शेवटच्या दिवशी, दमलेले असताना, भेरूघाट चढायचा आणि मागून ट्रक-बसची रांग. दुसरा पर्याय म्हणून लोक एबी रोडने, म्हणजे आग्रा-मुंबई महामार्गाने, मानपूरवरून थेट धामनोदला उतरतात. तिथल्या गणेश घाटात अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन अपघात होत आले आहेत. सायकलला ती जागा नव्हे. आपल्या मार्गात धामनोद ते गुजरी एवढाच एबी रोडचा तुकडा येतो, आणि तो सकाळी लवकर उरकायचा.

तारखा नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. त्यानंतर निमाडात दुपारी ऊन सोसवत नाही. इंदूरवरून निघताना स्वेटर लागतो आणि बडवाहला पोचेपर्यंत अंगातला सदराही नकोसा होतो. पठार आणि नर्मदेचं खोरं यांच्या हवेतला हा फरक कपडे निवडताना लक्षात ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत इंदूरला सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे उजेड पावणेअकरा तासांचा. तासाला सरासरी १५ किमी धरा, त्यात दर दोन तासांमागे अर्धा तास थांबण्याचा मिळवा आणि मुक्कामाला चारच्या आत पोचता येईल असं बेता. "मी तर तासाला पंचवीसने जातो" हा हिशेब मोकळ्या सायकलचा, इंदूरच्या रुंद-सपाट सुपर कॉरिडॉरवरचा आणि एका सकाळचा असतो.

कार्तिकी पौर्णिमा, सोमवती अमावास्या, संक्रांत, नर्मदा जयंती, महाशिवरात्र हे दिवस टाळा. ओंकारेश्वर-महेश्वरला खोली मिळत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे मोरटक्क्यापासून पुढे रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते.

तपासा: तिन्ही मुक्कामांना फोन करून एकच प्रश्न विचारा: सायकल रात्री खोलीत किंवा कुलूपबंद आवारात ठेवता येईल का? "बाहेर लावा, काही होत नाही" असं उत्तर आलं तर दुसरी जागा बघा.

सावध: इंदूर-खंडवा रस्त्याचं चौपदरीकरण टप्प्याटप्प्याने चाललेलं आहे. वळणरस्ते बदलतात, खडी पसरलेली असते. निघण्याच्या आठवड्यात त्या बाजूने रोज ये-जा करणाऱ्या कुणाला तरी विचारा. नकाशा हे सांगत नाही.

## २. सायकल अंगाला बसवणं (नऊ आठवडे आधी)

सरावाच्या आधी हे करायचं, कारण चुकीच्या मापावर केलेला सराव दुखणं पक्कं करतो.

सीटची उंची: भिंतीला टेकून सायकलवर बसा. पॅडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा, कंबर एका बाजूला झुकता कामा नये. मग चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्याला आपोआप थोडा बाक येतो. तेवढा बाक योग्य. आपल्याकडे सीट खाली ठेवायची सवय फार, कारण थांबल्यावर दोन्ही पाय टेकवायचे असतात. शहरात ते चालतं. चार दिवसांत मात्र त्यानेच गुडघे जातात. थांबताना सीटवरून पुढे उतरायला शिका.

दुखणं कुठे आहे त्यावरून माप कळतं. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे किंवा तुम्ही जड गिअर रेटताय. गुडघ्याच्या मागे ओढ बसत असेल तर सीट वर आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहातावर भार जास्त येतोय. सीटचं नाक खाली झुकलेलं आहे का ते आधी बघा, मग हँडल लांब पडतंय का ते. एका वेळी एकच बदल करा, तोही पाच मिलिमीटरचा, आणि दोन फेऱ्या मारून मगच पुढचा. एका दिवशी सीट, हँडल, पॅडल सगळं हलवलं तर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं, काही कळत नाही.

मऊ जेलचं कव्हर सीटवर चढवू नका. पहिल्या तासाला बरं वाटतं, तिसऱ्या तासाला ते हाडांमधल्या नाजूक जागेत दाबतं. सीट कडकच असू द्या, गादी चड्डीत हवी. पॅड असलेली सायकलिंगची चड्डी घ्या आणि तिच्या आत दुसरं काहीही घालू नका. हे सांगायला बऱ्याच जणांना संकोच वाटतो, म्हणून नवे लोक आत सुती चड्डी घालतात आणि तिच्या शिवणीने मांड्या सोलून घेतात.

तपासा: मापं जमली की सीटच्या दांड्यावर फ्रेमला लागून चिकटपट्टीचा वेढा द्या. बसच्या टपावर किंवा दुकानात सीट खाली गेली तर पुन्हा त्याच जागी आणता येते.

## ३. सलग दोन दिवसांचा सराव (आठ आठवडे)

सगळ्यांत जास्त टाळाटाळ होते ती इथे. आठवडाभर काही नाही आणि रविवारी एकदम शंभर, ही रीत अर्धमॅरेथॉनच्या हौसेतून आली असावी. बहुदिवसीय फेरीला तिचा उपयोग फार थोडा. शनिवार-रविवार जोडी हवी, आणि जोडीतला रविवार जास्त मोलाचा. शनिवारचं अंतर मुद्दाम थोडं राखून चालवा, म्हणजे रविवारी निघता येईल.

पहिला-दुसरा आठवडा: मधल्या दोन दिवशी तासभर, शनिवारी ४० किमी, रविवारी ३०.
तिसरा: ५० आणि ४०.
चौथा: निम्मं. हा आठवडा गाळू नका, स्नायू याच दिवसांत भरून येतात.
पाचवा: ६० आणि ५०, त्यात एकदा चढ.
सहावा: ७० आणि ५०, निम्म्या सामानासह.
सातवा: रंगीत तालीम, पूर्ण सामानासह. याबद्दल खाली.
आठवा: फक्त दोनदा वीस-वीस किमी, हलक्या गिअरवर.

आठव्या आठवड्यात हात शिवशिवतात. "जरा एक मोठी मारून बघू" असं वाटतं. त्या आठवड्यात ताकद वाढत नाही, थकवा मात्र साठतो. घरी बसा.

सराव कुठे करायचा? सपाटीवर लय बसवायला सुपर कॉरिडॉर पहाटे ठीक. चढउतारासाठी महूवरून पाताळपाणीचा रस्ता चांगला, सारखा वर-खाली होतो. खडी चढण हवी तर महूजवळचा जानापावचा डोंगर. तिथे सगळ्यांत हलक्या गिअरवरही दम लागला तर मांडूच्या आधी गिअरचा विचार करायला हवा. मागच्या चक्राचा सगळ्यांत मोठा दातेरी गोल ३२ किंवा ३४ दात्यांचा असला तर सामानासह चढ सुसह्य होतो. पुढेही लहान चक्र असेल तर उत्तमच.

पॅडल फिरण्याची गती मिनिटाला ७५ ते ९० ठेवायला शिका. मोजायला सोपं: पंधरा सेकंदांत उजवा पाय वीस वेळा खाली आला की ८० झाले. आपल्याकडे जड गिअर दाबून जाणं म्हणजे ताकद असं समजतात. त्या ताकदीचा हिशेब तिसऱ्या दिवशी गुडघ्यात होतो.

रंगीत तालमीला उज्जैनसारखं गाव नाही. अंतर सुमारे ५५ किमी, गावात थोडं फिरलात की साठ-पासष्ट होतात. शनिवारी पूर्ण सामान लादून जा, रात्री तिथेच राहा, रविवारी परत या. ज्या चड्डीत, ज्या बुटांत आणि जे खाऊन तुम्ही फेरीला जाणार, तेच सगळं इथे. नवीन वस्तू फेरीच्या पहिल्या दिवशी पहिल्यांदा वापरायची नाही. यात बूट, मोजे, एनर्जी जेल, सीट आणि नवा चष्माही आला.

थांबा: तालमीच्या रविवारी निघताना सीटवर बसून पहिल्या पाच किलोमीटरांत तीव्र टोचणारं दुखणं असेल, किंवा गुडघा पायऱ्या उतरताना दुखत असेल, तर फेरी दोन आठवडे पुढे ढकला आणि दुसऱ्या टप्प्यावर परत जा. मांड्यांतला जडपणा मात्र चालेल. तो अर्ध्या तासात सुटतो.

## ४. सायकलची दुरुस्ती (तीन आठवडे आधी, आदल्या दिवशी नाही)

आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करून घेणं ही सगळ्यांत पसरलेली चूक. कारण सरळ आहे. नवी गिअरची केबल पहिल्या शंभरेक किलोमीटरांत बसते आणि ताणते, मग गिअर घसरायला लागतात. नवे ब्रेक पॅड घासून जमल्याशिवाय पूर्ण पकड देत नाहीत. नवी चेन जुन्या दातेरी चक्रावर जोर लावल्यावर उडू शकते, आणि हे दुकानासमोर चक्कर मारून कळत नाही, चढावरच कळतं. म्हणून बदल तीन आठवडे आधी करा. सहाव्या-सातव्या आठवड्याच्या फेऱ्या त्याच भागांवर होतील आणि खोट असेल तर घराजवळ उघडी पडेल.

चेन घरी मोजता येते. स्टीलची पट्टी घ्या, एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनवर बरोबर १२ इंचांवर पिनचा मध्य येतो. तो इंचाच्या सोळाव्या भागाइतका पुढे सरकला असेल तर चेन बदलायला आली.

मागच्या चाकाचे आरे दोन-दोन धरून दाबून बघा. एखादा सैल लागला तर मिस्त्रीकडून ताण सारखा करून घ्या. सामानाचं बहुतेक वजन मागच्या चाकावर येतं आणि आरे तिथेच तुटतात, बहुधा गिअरच्या बाजूचे. टायरच्या बाजूच्या भिंतीवर भेगा असतील तर टायर बदला. रुंदी ३२ ते ३८ मिलिमीटर असली तर खडीवर आणि खड्ड्यांत दोन्हीकडे निभावतं. हवेचा दाब टायरवर छापलेल्या मर्यादेतच, पुढच्यात मागच्यापेक्षा थोडा कमी.

तुमच्या ट्यूबचा वॉल्व्ह बारीक तोंडाचा, म्हणजे प्रेस्टा असेल, तर गावातल्या पंक्चरवाल्याच्या पंपाने हवा भरता येत नाही. छोटासा पितळी अडॅप्टर मिळतो. तो वॉल्व्हवरच चढवून ठेवा, खिशात ठेवलेला हरवतो.

पंक्चर स्वतः काढता यायला हवं. दुकानात बघितलंय म्हणजे येतं असं नाही. मागचं चाक, चेनसकट, सामान लादलेल्या सायकलवरून काढून परत बसवा. हे घरी तीनदा करा, त्यातलं एकदा रात्री टॉर्चच्या उजेडात. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच पूर्ण फिरवा. निमाडात बाभळीचा काटा आणि हमरस्त्यावर ट्रकच्या फुटक्या टायरमधली केसाएवढी तार, हे दोन्ही टायरमध्ये रुतून राहतात. न काढता नवी ट्यूब टाकली की दहा मिनिटांत दुसरं पंक्चर.

तपासा: पाठीमागचा गिअर ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो, तो हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. सायकल पडली की तो वाकतो किंवा तुटतो, आणि मंडलेश्वरला तुमच्या मॉडेलचा मिळणार नाही. एक जास्तीचा आधीच मागवून ठेवा.

## ५. सामान

आता बॅग. मागे मजबूत कॅरिअर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पॅनिअर, म्हणजे झोळ्या. पाठीवर सॅक नको. तिचा भार सरळ सीटवर आणि तळहातांवर उतरतो, पाठ घामाने भिजते ती वेगळी. झोळ्या नसतील तर कॅरिअरवर आडवी बांधलेली एकच पिशवीही चालेल, पण हुकवाल्या इलास्टिकच्या दोऱ्या नकोत. एक टोक सुटून चाकात गेलं की सायकल जागच्या जागी अडते. बकल असलेले पट्टे वापरा आणि उरलेली टोकं गाठ मारून आत खोचा.

मुक्कामाला खोली आहे, म्हणून तंबू-चूल काही लागत नाही. बॅगेसकट सामान सात-आठ किलोंच्या वर जाऊ देऊ नका. सगळं पलंगावर मांडा आणि प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न: ही नसली तर फेरी थांबेल का? नाही, तर बाहेर.

बाहेर न काढण्याच्या वस्तू: दोन ट्यूब, पंक्चर पॅच, टायर उचकटायच्या पट्ट्या, पंप, ॲलन कीचा (षटकोनी किल्ल्यांचा) संच, चेन जोडायचा दुवा आणि चेन तोडायचं अवजार, चार-पाच झिप टाय, थोडी चिकटपट्टी, चेनचं तेल आणि एक फडकं. सायकलिंगच्या दोन चड्ड्या. संध्याकाळचे एक जोडी कपडे. पातळ जॅकेट. प्रथमोपचाराचं सामान, त्यात तुमची रोजची औषधं. पॉवर बँक. सुटे पैसे रोख, कारण घाटात रेंज नसली की फोनने पैसे जात नाहीत. शिवाय एक कागद: नाव, रक्तगट, घरचा नंबर, आणि दिवसाच्या क्रमाने गावांची नावं.

जड वस्तू खाली आणि चाकाच्या आसाजवळ. दोन्ही झोळ्या साध्या वजनकाट्यावर तोला, अर्ध्या किलोहून जास्त फरक नको. पावसाचा भरवसा नाही म्हणून कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत, प्रत्येक दिवसाची पिशवी वेगळी.

आईने दिलेल्या तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि गूळपोळ्या घ्या, पण पहिल्या दोन दिवसांपुरत्या.

तपासा: सामान लादल्यावर मागे पंधरा पावलं जाऊन उभे राहा. लाल दिवा दिसतो का? झोळीआड गेला असेल तर तो झोळीवर बांधा. दिवसाही चालू ठेवा.

## ६. खाणं आणि पाणी

भूक लागल्यावर खाणं आणि तहान लागल्यावर पिणं, सायकलवर दोन्ही उशिराचं असतं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, घोट-घोट. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्ट पदार्थ (कार्बोहायड्रेट). एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम मिळतात, म्हणजे एक केळं आणि दोन-तीन खजूर किंवा राजगिऱ्याचा लाडू एवढं दर तासाला पुरे. गूळ-चणेही उत्तम, आणि रस्त्यात कुठेही मिळतात.

घाम जास्त येत असताना नुसतं पाणी पीत राहू नका, रक्तातलं मीठ त्याने पातळ होतं. मळमळ, डोकं जड होणं ही त्याची सुरुवात असू शकते. ओआरएसची पाकिटं ठेवा. नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर उलट त्रास होतो, म्हणून अंदाजपंचे टाकू नका.

सकाळी पोहे छान, पोटाला हलके. त्यावरची सेव मूठभर नको, चिमूटभर. जिलेबीला माझी हरकत नाही, साखर पुढच्या तासात कामाला येते. हरकत आहे ती दुपारच्या दाल-बाफल्यांना, म्हणजे डाळीबरोबर खायच्या कणकेच्या भाजलेल्या गोळ्यांना. तुपात बुडालेले दोन बाफले खाऊन मांडूचा घाट चढणं जमत नाही, झोप आणि पित्त दोन्ही येतात. बाफले चौथ्या दिवशी इंदूरला परतल्यावर. दुपारी डाळ-भात, दही, थोडी पोळी. रात्री मात्र पोटभर. निमाडात ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी मिळाली तर सोडू नका.

सावध: मांडूत वाटेवर खुरासानी चिंचेचे (गोरखचिंचेचे) तुकडे विकायला असतात. चढ संपल्या संपल्या रिकाम्या पोटी खाऊ नका, आधी काहीतरी घट्ट खा.

## ७. रस्त्यावर: दिवसागणिक

पहिला दिवस राखून चालवायचा. शेजारी बोलता येईल इतक्याच वेगाने. भेरूघाट लागायच्या आधी थांबा, झोळ्यांचे पट्टे ओढून बघा, ब्रेक दोन्ही दाबून बघा. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. रिम किंवा डिस्क तापते, पकड कमी होते, आणि रिम ब्रेक असेल तर तापलेल्या रिमवर ट्यूब फुटूही शकते. दोन्ही ब्रेक एकत्र दाबा, वेग उतरवा, सोडा, पुन्हा दाबा. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही. मागे सामान असल्यामुळे थांबायला नेहमीपेक्षा लांब अंतर लागतं, याची सवय तालमीत झालेली असायला हवी. मागून ट्रक आला तर कडेच्या खडीवर उतरू नका. रस्त्याच्या डांबरी काठापासून हातभर आत, सरळ रेषेत राहा आणि जागा मिळाली की थांबून त्याला जाऊ द्या.

दुसरा दिवस या फेरीचा कणा. पहिला अर्धा तास सगळ्यात हलक्या गिअरवर, अंग कितीही कुरकुरलं तरी. बडवाहपर्यंत तब्येतीचा अंदाज येतो. या पट्ट्यात नर्मदेचे परकम्मावासी, म्हणजे परिक्रमा करणारे, पायी चाललेले भेटतील. लांबूनच घंटी वाजवा, "नर्मदे हर" म्हणा, आणि त्यांच्या अगदी जवळून वेगाने जाऊ नका. कापसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रुंदी चाकांपेक्षा बरीच जास्त असते, ओलांडताना तेवढं अंतर सोडा.

तिसऱ्या दिवशी उजाडताच निघा. धामनोद-गुजरीचा तुकडा गर्दीआधी, चढ उन्हाआधी. चढ सुरू होण्याच्या आधीच हलका गिअर टाका. जोर लावताना गिअर बदलला की चेन उतरते. पायी ढकलत जाण्यात काही कमीपणा नाही, पण ढकलायचं असेल तर धाप लागायच्या आधी उतरा.

चौथ्या दिवशी अंतर मोठं आणि हिवाळ्यात वारा बऱ्याचदा ईशान्येकडून, म्हणजे धारपासून इंदूरपर्यंत तोंडावर. तिघं-चौघं असाल तर एकामागे एक चाला आणि दर दहा मिनिटांनी पुढचा मागे येऊ द्या. मागच्याने आपलं पुढचं चाक पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाशेजारी घुसवायचं नाही. बेटम्याच्या पुढे संध्याकाळची गर्दी लागायच्या आत इंदूर गाठा.

## ८. मुक्कामावर पोचल्यावर

क्रम हाच: आधी अर्धा लिटर पाणी आणि काहीतरी खाणं, मग अंघोळ, मग चड्डी धुणं, मग सायकल, मग गाव. लोक आधी घाटावर फोटो काढायला जातात, दोन तास ओल्या चड्डीत बसतात आणि दुसऱ्या दिवशी फोडांनी हैराण होतात. धुतलेली चड्डी टॉवेलमध्ये गुंडाळून पिळा, पंख्याखाली सकाळपर्यंत वाळते. ओली राहिली तर दुसरी आहेच. जिथे घासतं तिथे रात्री खोबरेल आणि सकाळी निघताना व्हॅसलीनचा पातळ थर.

सायकलला दहा मिनिटं: चेन फडक्याने पुसा आणि दर दोन दिवसांनी तेलाचा थेंब-थेंब. टायरमध्ये काही रुतलंय का ते बघा, कॅरिअरचे चार स्क्रू ॲलन कीने आवळा. कॅरिअरचा स्क्रू दणक्यांनी हळूहळू सैल होतो आणि पडतो तेव्हाच लक्षात येतं. अशा वेळी झिप टायवर इंदूरपर्यंत येता येतं, म्हणून ते घेतले आहेत.

फोन, दिवा, पॉवर बँक चार्जिंगला लावून मगच जेवायला जा.

## ९. फेरी सोडायची कधी

हे निघण्याच्या आधी ठरवा आणि सोबत्यांना सांगून ठेवा. रस्त्यावर दमलेलं डोकं नीट ठरवत नाही.

पुढीलपैकी काही झालं तर सायकल थांबवा: गुडघ्यात किंवा टाचेच्या मागे एकाच बिंदूवर टोचणारं आणि दर तासाला वाढत जाणारं दुखणं, छातीत दाब, अंधारी, घाम येणं अचानक थांबणं, दोनदा उलटी, डोक्यावर आपटून पडणं (मग कितीही बरं वाटत असलं तरी), ब्रेकची केबल तुटणं किंवा पुढच्या टायरची भिंत फाटणं. मध्य प्रदेशात रुग्णवाहिकेसाठी १०८, कुठल्याही तातडीच्या मदतीसाठी ११२, आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३.

फक्त थकवा असेल तर बस. बडवाह, धामनोद आणि धार या तीन जागी इंदूरची बस मिळते. कंडक्टरशी आधी बोला, झोळ्या काढून आत घ्या, सायकल टपावर आडवी, गिअरची बाजू वर करून ठेवायला सांगा आणि स्वतः वर चढून दोन ठिकाणी बांधा.